डाउनपाइप लावला आणि गाडी धूर मारायला लागली

टर्बोच्या गाडीला मोठा डाउनपाइप (टर्बोतून निघालेला गॅस मागं नेणारा पहिला पाइप) लावला आणि महिन्याभरात मागून निळा धूर दिसला, की आमच्याकडं येणारा माणूस दारातच निकाल सांगतो: टर्बोचं सील गेलं. कुणी म्हणतो डाउनपाइपनं टर्बो खाल्ला. कुणी म्हणतो बॅकप्रेशर (पाइपाच्या अडथळ्यानं गॅसला मिळणारा उलटा दाब) संपलं म्हणून टर्बोनं तेल ओढलं. छत्रपती संभाजीनगरात चिकलठाणा एमआयडीसीजवळ माझं गॅरेज आहे. टीएसआय, म्हणजे स्कोडा-फोक्सवॅगनच्या टर्बो पेट्रोल गाड्यांची कामं जास्त येतात, त्यामुळं हा निकाल सारखा कानावर पडतो. या समजुतीपायी चांगले टर्बो भंगारात गेलेले मी बघितलेत. लाखाच्या वर खर्च करून नवा टर्बो बसवला आणि तोही आठवड्यात तसाच गळायला लागला, असंही बघितलंय. म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतोय.

सुरुवात टर्बोच्या आत काय असतं तिथून करावी लागेल. एका शाफ्टवर दोन चाकं असतात: टर्बाइनचं चाक एक्झॉस्टच्या गॅसनं फिरतं, आणि त्यामुळं फिरणारं कंप्रेसरचं चाक इंजिनात जादा हवा दाबतं. सील म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं क्रँकच्या टोकाला असते तशी रबरी सील येते. टर्बोच्या शाफ्टवर तशी रबरी सील नसते. पेट्रोल गाडीत टर्बाइनच्या बाजूला साडेनऊशे अंशांच्या आसपास तापलेला गॅस असतो आणि शाफ्ट मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेत असतो. तिथं रबर टिकणार कसं? तिथं असते शाफ्टच्या खाचेत बसवलेली धातूची बारीक रिंग, पिस्टन रिंगसारखी. तिच्यात फट असतेच. तिचं मुख्य काम बाहेरचा गॅस आत येऊ न देणं हे आहे. तेलाला आत ठेवतो तो दाबातला फरक. एका टोकाला टर्बाइनचा गॅस, दुसऱ्या टोकाला कंप्रेसरची हवा, दोन्हीकडून मधल्या बेअरिंगच्या घराकडं दाब असतो. मध्ये दाब कमी राहिला तर तेल बाहेर यायचं कारणच उरत नाही, ते खाली उतरतं.

तेल वरून येतं ते इंजिनाच्या पंपाच्या दाबानं, बँजो बोल्टातून, बारीक नळीनं. बेअरिंगमध्ये त्याचा थर तयार होतो आणि शाफ्ट त्या थरावर तरंगत फिरतो. तिथून बाहेर पडलेलं तेल फेसाळलेलं असतं, त्याच्यात दाब उरलेला नसतो. पुढं ते इंजिनाच्या खालच्या, तेल साठायच्या चेंबरमध्ये जातं ते फक्त स्वतःच्या वजनानं. म्हणून येणारी नळी बारीक आणि जाणारा ड्रेन पाइप चांगला जाड असतो. गॅरेटसारखे टर्बो बनवणारे सांगतात, की हा ड्रेन उभ्या रेषेपासून ३५ अंशांपेक्षा जास्त कलता कामा नये. आपल्याकडं रस्त्याखालची मोरी तुंबली की ओढ्याचं पाणी रस्त्यावरून वाहतं, दोष रस्त्याचा नसतो. टर्बोचंही तसंच आहे. खाली जायला वाट मिळाली नाही, की तेल बेअरिंगच्या घरात साठतं आणि रिंगेच्या फटीतून ज्या बाजूला दाब कमी त्या बाजूला जातं. कंप्रेसरच्या बाजूला गेलं तर इंटरकूलरमध्ये (दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागात) साचतं आणि इंजिनात जळतं. टर्बाइनच्या बाजूला गेलं तर सरळ एक्झॉस्टमध्ये जळतं.

आता बॅकप्रेशरचं. टर्बाइननंतर जितका अडथळा कमी तितका टर्बो लवकर फिरतो, बूस्ट (इंजिनात दाबलेल्या हवेचा दाब) लवकर येतो. टर्बो इंजिनाला टर्बाइननंतर बॅकप्रेशर लागतं हे खरं नाही. ड्रॅग रेसच्या गाड्यांत टर्बाइनच्या तोंडाला वीतभर पाइप असतो, कॅट (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) नाही, सायलेन्सर नाही. बॅकप्रेशर गेल्यानं तेल गळत असतं तर त्या सगळ्या गाड्या धुरात बुडाल्या असत्या. टर्बाइननंतरचा दाब कमी झाला की टोकाच्या रिंगेला गॅसचा आधार थोडा कमी मिळतो, एवढं खरं. पण ड्रेन मोकळा असेल आणि बेअरिंग ठीक असेल तर त्यानं धूर येत नाही. धूर आला, तर आत आधीपासून काहीतरी चुकीचं चालू होतं किंवा डाउनपाइप बसवताना काहीतरी बिघडवलं गेलं.

यात कॅटचा वाटा मोठा आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. गाडीसोबत आलेल्या डाउनपाइपमध्येच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. तो साधारण अडीचशे-तीनशे अंशांना कामाला लागतो आणि एक्झॉस्टमध्ये आलेली तेलाची थोडी वाफ जाळून टाकतो. टर्बो थोडा थोडा गळत असेल तर मालकाला वर्षभर पत्ता लागत नाही. तेलातल्या फॉस्फरस आणि झिंकमुळं कॅट आतून हळूहळू निकामी होत राहतो, तेवढंच. मग मालक कॅट काढून रिकामा पाइप लावतो, आणि आतापर्यंत झाकलेलं सगळं सिग्नलवर उभ्या लोकांना दिसायला लागतं.

मागच्या हंगामात लातूरहून एक मुलगा ऑक्टेव्हिया घेऊन आला. १.८ टीएसआय, दुसऱ्या हाताची पण चांगली सांभाळलेली. त्याच्यासोबत त्याचे वडील होते, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. मुलानं बाहेरच्या एका शहरात तीन इंची डाउनपाइप, मागचा सगळा एक्झॉस्ट आणि रीमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरची मापं बदलणं) करून घेतला होता. गाडी मस्त पळायली म्हणाला. मग एकदा मांजरसुंब्याला चहाला थांबले, एसी चालू ठेवून गाडी उभी केली, आणि निघताना मागं एवढा धूर झाला की हॉटेलवाला बाहेर आला.

"दोन गॅरेजला दाखवलं सर. दोघंबी टर्बो गेला म्हणायलेत. एकानं तर कोटेशनबी दिलंय."

मी विचारलं, धूर नेमका कधी येतो? उभ्या गाडीत का पळत्या गाडीत? चढावर ॲक्सिलरेटर दाबून ठेवल्यावर का पाय काढून परत दाबल्यावर? मला यातल्या उत्तरावर अर्धं निदान करता येतं. बूस्ट असताना, लोडवर धूर येत असेल तर माझं लक्ष पिस्टनच्या रिंगांकडं जातं. उतारावर पाय काढून परत दाबल्यावर एकदम झोत येत असेल तर व्हॉल्व्ह सीलकडं. बराच वेळ आयडलला उभी राहिल्यावर जमून येत असेल तर टर्बोकडं, कारण आयडलला कंप्रेसरच्या बाजूला दाब जवळजवळ नसतो आणि तेलाला बाहेर यायला तीच वेळ सोयीची असते. या मुलाचं उत्तर तिसरं होतं. म्हणजे तेल टर्बोतूनच येत होतं. पण टर्बोतून येणं आणि टर्बो खराब असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गुरुजी सगळं ऐकत होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला: "तेल वजनानं खाली जातं म्हणता, मग त्याला बाहेर ढकलायलंय कोण?" तीस-तीस वर्षं गॅरेजात काढलेल्या लोकांकडून मी हा प्रश्न ऐकलेला नाही. पुढचं सगळं काम आम्ही या प्रश्नाच्या मागं मागं जात केलं.

एअर फिल्टर आधी उघडला. दाणे, भुसा, काळी धूळ, फिल्टरच्या घड्या भरून गेल्या होत्या. लातूर भागात ऑक्टोबरात सोयाबीनची रास चालू असते. मळणी यंत्राजवळून रोज ये-जा करणाऱ्या गाडीचा फिल्टर कंपनीच्या किलोमीटरवर सोडून चालत नाही. हा निव्वळ मायलेजचा प्रश्न नाही. फिल्टर तुंबला की कंप्रेसरच्या तोंडाशी ओढ तयार होते आणि ती ओढ शाफ्टच्या कडेनं तेल खेचते. आपल्या मराठवाड्यात टर्बो गळण्याचं हे सगळ्यात स्वस्तात दूर होणारं कारण आहे. माझ्या मते उन्हाळ्यात आणि राशीच्या दिवसांत फिल्टर काढून बघायला पाच मिनिटं सुद्धा लागत नाहीत.

मग इंजिन चालू ठेवून ऑइल फिलरचं झाकण उचललं. हलकी ओढ लागली, झाकण सुटून हातात आलं, आयडल जरासं हललं. हे ठीक. झाकण चिकटून बसलं आणि कुठून तरी शिट्टी वाजली तर पीसीव्हीचा (चेंबरमधला गॅस बाहेर काढणाऱ्या व्हॉल्व्हचा) रबरी पडदा फाटलेला असतो. उलट झाकण हवेनं नाचायला लागलं तर चेंबरमध्ये दाब साठतोय. चेंबरमध्ये दाब म्हणजे ड्रेनच्या खालच्या टोकाला दाब, म्हणजे तेल उतरायच्या जागी कुणीतरी फुंकर घालतंय. रीमॅप करून बूस्ट वाढवला की पिस्टनच्या कडेनं उतरणारा गॅसही वाढतो, त्यामुळं रीमॅप केलेल्या गाडीत ही तपासणी सोडू नये. काही जण कॅच कॅन लावतात आणि त्याला बारीक होज जोडतात किंवा कॅन महिनोन्‌महिने रिकामा करत नाहीत. तेल पकडायला लावलेल्या डब्यानंच तेल बाहेर काढलेलं मी बघितलंय.

लेव्हल काडी ओढली तर तेल वरच्या खुणेच्या बरंच वर. मुलगा म्हणाला, धूर येतोय म्हणजे तेल कमी होत असेल म्हणून एका ठिकाणी वरून भरून दिलं. आणि ते भरलेलं तेल २०डब्ल्यू-५०. उन्हाळ्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो म्हणून जाड तेल बरं, असं इकडं पुष्कळ लोक मानतात. बाहेर कितीही तापलं तरी इंजिनातलं तेल नव्वद-शंभर अंशांच्या आसपासच काम करत असतं. थंड इंजिनात ते जाड तेल टर्बोपर्यंत पोचायला वेळ लावतं आणि ड्रेनमधून उतरायलाही वेळ लावतं. या इंजिनाला फोक्सवॅगनच्या ५०२ ०० मानकाचं ५डब्ल्यू-४० तेल चालतं, तेच घालावं. खुणेच्या वर भरलेलं तेल क्रँक घुसळतो, फेस होतो, आणि चेंबरची पातळी ड्रेनच्या तोंडाकडं वर येते.

शेवटी टर्बोकडं गेलो. या पिढीच्या ऑक्टेव्हियात एक्झॉस्ट मॅनिफोल्ड सिलिंडर हेडमध्येच ओतलेला आहे आणि टर्बो सरळ हेडला बोल्टनं बसतो, तोही इंजिनाच्या मागच्या बाजूला, फायरवॉलकडं. वरून बघून काही दिसत नाही. होज काढून कंप्रेसरचं चाक बोटांनी धरून हलवलं. वर-खाली किंचित खेळ होता. तो असायलाच पाहिजे, कारण शाफ्ट तेलाच्या थरावर तरंगायचा असतो आणि इंजिन बंद असताना तो थर नसतो. किती तरी चांगले टर्बो याच खेळाला घाबरून बदलले जातात. बघायचा तो पुढं-मागं, शाफ्टच्या दिशेतला खेळ. तो हाताला जाणवेल एवढा असता कामा नये. इथं तो नव्हता. चाकाची पाती घराला घासलेली नव्हती, कडा शाबूत होत्या. टर्बो तब्येतीनं ठणठणीत होता.

खालून ड्रेनचा फ्लँज सोडला आणि गुरुजींच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. डाउनपाइप घालताना जागा मिळावी म्हणून आधीच्या कारागिरानं ड्रेन पाइप सोडला असणार, आणि परत बसवताना नवी गॅस्केट न घालता दोन्ही तोंडांना सिलिकॉन फासलं. बाहेर आलेलं सिलिकॉन पुसलं गेलं. आत पिळून गेलेलं आतच वाळलं. पाइपाचं निम्म्याहून जास्त तोंड त्या लाल गोळ्यानं बंद होतं. टर्बोच्या तेलाच्या कुठल्याही जोडावर, वर काय आणि खाली काय, सिलिकॉन लावायचं नाही. खाली लावलं तर ड्रेन बंद होतो. वर लावलं तर त्यातला तुकडा तुटून बेअरिंगच्या बारीक छिद्रात बसतो आणि टर्बो काही मिनिटांत संपतो. गॅस्केट आणि तांब्याचे वॉशर काही शे रुपयांत येतात. ते मिळत नसतील तर गाडी चार दिवस उभी ठेवा. मी ठेवतो, आणि गिऱ्हाईक चिडलं तरी ठेवतो.

दुसरंही एक दिसलं. मोठ्या पाइपाला जागा होईना म्हणून उष्णता अडवायचा पत्रा काढून टाकलेला होता, आणि डाउनपाइप ड्रेनच्या अगदी जवळून गेला होता. काही वर्षांत तिथलं रबर कडक होऊन तडकलं असतं. वरच्या बारीक नळीला तीच धग लागली तर तेल आत जळून काजळी धरतं, नळीचं भोक लहान होत जातं. पत्रा काढून फेकणाऱ्याला या गोष्टी दिसत नाहीत, कारण त्या त्याच्या दारात घडत नाहीत.

ड्रेन पाइप साफ केला, नवी गॅस्केट घातली, वॉशर बदलले, पत्रा नव्यानं वाकवून बसवला, फिल्टर बदलला, सगळं तेल काढून योग्य तेल खुणेपर्यंत भरलं. टर्बो कोरडा असताना इंजिन कधीच सरळ चालू करायचं नाही. आधी फ्युएल पंपाचा फ्यूज काढून स्टार्टर मारला, टर्बोपर्यंत तेल पोचवलं, मग चालू करून नुसतं आयडलला ठेवलं. इंटरकूलर आणि त्याच्या होजमध्ये साचलेलं तेल आम्ही काढलं होतं, पण सायलेन्सरच्या पोटात मुरलेलं काढता येत नाही. म्हणून काम करूनसुद्धा धूर येत राहिला आणि मुलाचा चेहरा पडला. मी त्याला सांगितलं, बीड बायपासवरून पुढं हायवेला लाग, चांगली तापू दे आणि परत ये. आला तेव्हा धूर विरळ झाला होता. लातूरला पोचेपर्यंत बंद झाला, असा गुरुजींचाच फोन आला.

सगळ्याच गोष्टी अशा शेवटाला जात नाहीत. जालन्याहून एक पोलो जीटी टीएसआय आली होती. तिच्यावर डाउनपाइप नव्हताच, फक्त मागचा सायलेन्सर बदललेला. सगळे त्या सायलेन्सरलाच दोष देत होते. तिचा शाफ्ट पुढं-मागं हलत होता आणि कंप्रेसरच्या पात्यांनी घर खरवडलं होतं. तो टर्बो खरंच संपला होता. मालक समृद्धी महामार्गावरून नागपूरला सारखा जायचा-यायचा. १२० च्या वेगानं तासन्‌तास चालवून पंपावर गाडी थांबली की लगेच बंद. तेल बदलायचं दर वेळी पुढं ढकललेलं. वरची नळी कापून बघितली तर आत काजळीचा थर. चालत्या गाडीत टर्बोला तेल आणि पाणी दोन्ही मिळत असतं. बंद केली की तेल थांबतं आणि टर्बाइनची उष्णता शाफ्टमधून बेअरिंगकडं येते. नव्या गाड्यांत इंजिन बंद झाल्यावरही विजेचा छोटा पंप पाणी फिरवत राहतो, त्याचा फायदा होतो. तरी लांबच्या पल्ल्यावरून आलात तर थांबायच्या आधीचे एक-दोन किलोमीटर सावकाश चालवा, किंवा मिनिटभर आयडलला ठेवा. नवा टर्बो घातला तेव्हा ती तेलाची नळीही नवीनच घातली. जुन्या नळीवर नवा टर्बो लावायला मी तयार होत नाही.

आणि काही वेळा टर्बोचा संबंधच नसतो. व्हॉल्व्ह कव्हरची गॅस्केट किंवा हेडच्या टोकाला असलेल्या व्हॅक्यूम पंपाची गॅस्केट झिरपते, तेल खाली टर्बोवर पडतं, तापून वास एसीतून आत येतो, आणि खालून बघणाऱ्याला टर्बो तेलानं माखलेला दिसतो. सगळं ब्रेक क्लीनरनं धुऊन, कोरडं करून, तेलात रंगाची डाय घालून गाडी फिरवायची आणि निळ्या बॅटरीनं बघायचं. गळतीचा उगम वरून खाली शोधावा लागतो, तेल कुठल्या भागावर ओलं दिसतंय त्यावरून नाही.

एक्झॉस्ट करूच नये असं मी म्हणत नाही. मला स्वतःला चार सिलिंडर टर्बोचा भरीव, खालच्या पट्टीतला आवाज आवडतो. ऑक्टेव्हियाबद्दल तर आमच्या गावाला जिव्हाळा आहे. २००१ पासून शेंद्र्याच्या कारखान्यात ती गाडी तयार झाली, आमच्या ओळखीतल्या किती घरांचे पगार त्या लाइनवरून आले. पण करायचं तर काय मिळतं ते समजून करा. टर्बो गाडीत कॅटबॅक, म्हणजे कॅटच्या मागचा एक्झॉस्ट, बदलून मुख्यतः आवाज मिळतो, ताकद नगण्य. ताकदीचा अडथळा असतो कॅट आणि डाउनपाइपमध्ये, आणि तोही रीमॅपशिवाय फारसा उपयोगी पडत नाही, कारण ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) ठरवून दिलेल्या टॉर्कलाच गाडीला धरून ठेवतो. आपल्याकडच्या १.८ ऑक्टेव्हियात १८० पीएस आणि २५० न्यूटन मीटर आहेत, आणि मागं कोरड्या क्लचचा सात गिअरचा डीएसजी. त्या गिअरबॉक्सची क्षमता तेवढ्यालाच ठरवलेली आहे. तीन इंची पाइप आणि त्याला जुळणारा रीमॅप (स्टेज टू) करून टॉर्क वाढवला तर पुढचं बिल क्लचचं येतं. ऑक्टेव्हिया आरएस २३० ची गोष्ट वेगळी, ती कंपनीतूनच ३५० न्यूटन मीटर घेऊन आलेली होती.

बनवणाऱ्याकडंही बघा. या बाबतीत आमच्या शहरासारखं नशीब कमी गावांना आहे. वाळूज आणि चिकलठाण्यात बिअरचे कारखाने आहेत, औषधांचे कारखाने आहेत, आणि त्यांच्या स्टेनलेस पाइपलाइनी जोडणारे टिग वेल्डर इथंच राहतात. औषधाच्या पाइपात आतून वेल्ड खडबडीत राहिला तर माल नापास होतो, म्हणून हे लोक पाइपाच्या आतूनही आर्गन सोडून वेल्ड मारतात. आतून आर्गन नसेल तर ३०४ स्टीलचा जोड आतल्या बाजूनं काळा, साखरेसारखा खरखरीत होतो, आणि तापून-थंड होऊन तिथंच तडकतो. माझ्या डाउनपाइपचे जोड असाच एक कारागीर मारतो. त्याचा जोड आतून बोट फिरवून बघावा एवढा गुळगुळीत असतो, मी गिऱ्हाइकाला मुद्दाम दाखवतो. ३०४ स्टील तापलं की कंपनीच्या पाइपापेक्षा जास्त लांबतं, म्हणून मध्ये बेलो (लवचिक जोड) पाहिजेच, आणि पाइपाचं वजन गिअरबॉक्सच्या ब्रॅकेटवर आणि रबरी हँगरवर पडलं पाहिजे. ब्रॅकेट न लावता सगळं वजन टर्बोच्या क्लॅम्पवर लटकवलेल्या गाड्या येतात. खड्ड्यागणिक तो क्लॅम्प आणि टर्बोचे स्टड सोसत असतात. इकडच्या काही रस्त्यांवर ते किती दिवस टिकेल ते सांगायला नको.

आणि कॅट. मी कॅट नसलेला पाइप बसवत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत मूळ नोंदीशी न जुळणारा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलंय. त्याच वर्षी कायदा बदलला. आता बेकायदा बदलासाठी मालकाला बदलागणिक पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आवाज आणि धुराचे नियम मोडल्याबद्दल कलम १९० खाली पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्ससाठी अपात्र. बीएस ४ पेट्रोल गाडीला पीयूसीत आयडलला ०.३ टक्के कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा आहे, कॅटशिवाय ती पाळणं अवघड. मागच्या ऑक्सिजन सेन्सरमुळं कॅट काम करत नसल्याचा पी ०४२० कोड येतो आणि मग लोक तो कोड सॉफ्टवेअरमधून बंद करून घेतात. पण कायदा बाजूला ठेवला तरी माझं मत बदलणार नाही. आमच्या गल्लीत शाळा आहे, दवाखाना आहे. एका गाडीला दहा-पंधरा अश्वशक्ती वाढावी म्हणून तिथल्या लेकरांनी कच्चा धूर का घ्यावा, याचं उत्तर मला कुणी दिलेलं नाही.

ज्यांना करायचंच आहे आणि ज्यांची गाडी तेवढ्या ताकदीची आहे, त्यांच्यासाठी मोठ्या जाळीचा कॅट हा मधला मार्ग धरला जातो. कंपनीच्या कॅटमध्ये चौरस इंचाला साधारण चारशे ते सहाशे छिद्रं असतात, यात दोनशेच्या आसपास. गॅस मोकळा जातो आणि कॅटचं कामही थोडंफार होतं. कायद्याच्या दृष्टीनं तोही बदलच आहे, हे मी आधीच सांगून ठेवतो.

लातूरच्या मुलाचा मूळ डाउनपाइप त्याच्या घरी माळ्यावर, गोणपाटात गुंडाळून ठेवलेला होता. गुरुजींनी टाकू दिला नव्हता. तो आणवून मी आत बघितलं, जाळी शाबूत होती, वितळलेली नव्हती, तेलानं थोडी काळवंडली होती. पुढच्या खेपेला तोच बसवला, रीमॅप कंपनीच्या मापावर आणून दिला, मागचा कॅटबॅक तेवढा ठेवला. आवाज त्याला पाहिजे तसाच राहिला. म्हणून आता डाउनपाइप काढणाऱ्या प्रत्येकाला आधीच सांगतो: जुना कॅट गॅरेजात सोडून येऊ नका. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, भंगारवाले त्यासाठी टपून असतात आणि बदली करणारा तो हळूच ठेवून घेतो. कागदावर लिहून घ्या, काढलेला पाइप सोबत घरी न्या, दोन्ही तोंडं कापडानं बांधा म्हणजे उंदरं आत घर करणार नाहीत.